मूठ म्हणजे गॅस

आता काय सांगू तुम्हाला, आणि कुठल्या तोंडानं सांगू! पण चहा टाकलाच आहे, तुम्हीही ऐसपैस बसला आहात, आणि आमच्या ऋतुजाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. फक्त हसायचं ते शेवटी. मध्ये हसलात तर बिस्किटं उचलून नेईन.

द्वारकेजवळ माझा स्कूटीचा क्लास आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त बायकांसाठी. आता द्वारका चौक म्हणजे काय, हे नाशिककरांना मी काय सांगणार? बस, ट्रक, रिक्षा आणि एखादी म्हैस, सगळे एकाच वेळी आपापल्या हक्कानं वळत असतात. तिथं मी बायकांना वळायला शिकवते! 'द्वारका पार केलीत ना, की जगात कुठंही गाडी चालवाल,' हे माझं दर बॅचचं वाक्य. तुमची शप्पथ, मला ते खरंच वाटायचं.

माझी शिकवण्याची एक पद्धत आहे. बायका गॅस द्यायला फार घाबरतात हो. गाडी पुढे जायच्या ऐवजी नुसती कण्हत राहते. मी मैदानाच्या या टोकाला, बाई त्या टोकाला. ओरडून ओरडून घसा बसायचा. म्हणून मी खुणा ठरवल्या. पंजा दाखवला की थांबायचं. मूठ वर केली की गॅस द्यायचा. सोपं! माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही बाईला झोपेतून उठवून मूठ दाखवा, ती मनगट पिळणारच.

तर या मुठीनंच माझा घात केला.

झालं असं, की आमची ऋतुजा ओझरला नोकरीला आहे. राहते नाशकात, सासरी. जाण्यायेण्यात बसच्या नादी लागून पोरीचा जीव मेटाकुटीला आलेला. स्कूटी घेऊन ठेवली होती, पण ती पार्किंगमध्ये धूळ खात उभी. कारण आमच्या विहीणबाई! विहीणबाई मूळच्या घोटीकडच्या, सगळा जन्म भाताच्या शेतात गेला. आता मुलाकडे नाशकात असतात. माणूस सोन्यासारखं, पण एकदा 'नाय' म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी 'नाय'.

"हायवे हाय तो," त्या म्हणाल्या. "ट्रकवाला बघतो का, सून कुनाची हाय ते?"

"अहो, पण ती चांगली चालवते. मी शिकवलंय तिला!"

"तेच तर. आई कधी म्हनल का, माझी पोरगी वाईट चालवते?"

बोला! माझ्याच पोरीच्या बाबतीत माझी साक्ष बाद. मला हे फार लागलं. ऋतुजा तर नुसती तोंड पाडून बसली. त्याच वेळी मी ठरवलं, की या बाईला एकदा दाखवायचंच, आमच्या घरात गाडी कशी चालवतात ते.

आणि संधी चालून आली. जावईबापूंनी बालीची सहल ठरवली, आणि ऐन वेळी त्यांचीच रजा नामंजूर झाली. त्यांच्या जागी मी! मी, ऋतुजा आणि विहीणबाई. तिथे हॉटेलात एक फलक दिसला, भातखाचरांतून आणि नारळीच्या बागांतून चार चाकांच्या मोटरसायकलवरून फेरफटका. एटीव्ही म्हणतात तिला. जाडजूड टायर, रुंद सीट, आणि गॅस पिळायचा नाही, उजव्या अंगठ्यानं एक खटका दाबायचा.

"विहीणबाई, तुम्ही माझ्या मागे बसायचं," मी जाहीर केलं. "सेफ ड्रायव्हिंग म्हणजे काय ते आज बघाच."

"आईच्या मागे?" ऋतुजा चाचरत सासूबाईंना म्हणाली. "मम्मी, तुम्ही माझ्या मागे बसा ना."

"तुझी परीक्षा नंतर," मी म्हटलं. "आधी मास्तरीण."

आमचा गाइड मादे नावाचा, हसरा आणि किडकिडीत. निघण्याआधी त्यानं सगळ्यांना उभं करून सूचना द्यायला सुरुवात केली. इंग्रजीत. हेल्मेट घाला, पाय पायरीवरच ठेवा, पुढच्याला ओलांडू नका. मला हसूच आलं. हे तर मी रोज सांगते! मी आपली विहीणबाईंच्या हेल्मेटचा पट्टा आवळत होते आणि त्यांची ओढणी खोचून देत होते. चाकात ओढणी गेली म्हणजे?

"काय म्हनतोय तो?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, नेहमीचंच. मी आहे ना."

तेवढ्यात मादेनं मूठ वर केली.

"आनि हे काय?"

"ही मूठ. मूठ म्हणजे गॅस," मी म्हटलं. मला किती बरं वाटलं सांगू! म्हटलं, बघा, बालीतसुद्धा आपलीच पद्धत!

"आई, नीट ऐक ना, तो म्हणतोय..."

"ऋतुजा! तुला सायकल कोणी शिकवली?"

माझी पोरगी गुणाची आहे हो. तिथेच जरा उद्धट असती तर पुढचं टळलं असतं.

निघालो. पुढे मादे, मग आम्ही दोघी विहिणी, मागे एकटी ऋतुजा. काय तो देखावा! हिरवीगार खाचरं, दारादारांत छोटी देवळं. विहीणबाई मागून भाताची पाहणी करत होत्या, "लावनी लय दाट केलीये यांनी."

एक अरुंद पूल आला. मादेनं वेग कमी केला आणि मूठ वर केली. मी लगेच अंगठा दाबला. गाडी उसळली आणि थेट त्याच्या पाठीला भिडायला निघाली. त्यानं मागे बघितलं, डोळे मोठे केले आणि जीव खाऊन पुढे पळाला.

"बघा, कसा चपळ आहे," मी म्हटलं.

पुढच्या वळणावर पुन्हा मूठ. या वेळी त्यानं ती जोरजोरात हलवली. म्हटलं, आणखी दे म्हणतोय! दिला. विहीणबाईंनी माझ्या कमरेला अशी मिठी मारली, की माझा श्वास अडकला.

"ताई, जरा हळू!"

"गाइड सांगतोय तसंच करायचं असतं. हाच तर सेफ्टीचा पहिला नियम!"

मग मादेनं काय करावं? चालत्या गाडीवरून मागे वळला आणि मला चक्क हात जोडले. काय नम्र माणूस! पाहुण्यांचा केवढा मान! आता समोरच्यानं नमस्कार केल्यावर आपण नुसतं बघत राहायचं का? आपले संस्कार आहेत की नाही? मीसुद्धा दोन्ही हात सोडून नमस्कार केला. अंगठा सुटल्यावर गाडी आपोआप मंदावली. त्याला वाटलं बाईला कळलं. मला वाटलं आमची गट्टी जमली. दोघंही समाधानानं पुढे निघालो.

मागून ऋतुजाचा आवाज येत होता, "आई, थांब! अगं थांब!"

"दम धर!" मी ओरडले. "तुलाही जमेल असं!"

आणि मग आली बदकं.

तिकडे बदकांचे कळप भातखाचरात चरायला सोडतात. एक म्हातारेसे शेतकरीबाबा हातात काठी घेऊन कळपच्या कळप वाट ओलांडून नेत होते. मादे रस्त्याच्या कडेला थांबला, गाडीवर उभा राहिला, आणि त्यानं मूठ वर केली. एक नाही हो, दोन्ही!

दोन मुठी!

"धरा विहीणबाई!" मी म्हटलं. "डबल गॅस!"

त्याच्या शेजारून मी अशी सुसाट गेले म्हणता! पुढे पाहते तर सगळी वाट पांढरी, आणि ती पांढरी वाट क्वॅक क्वॅक करतेय. घाबरल्यावर माणूस काय करतो? आहे ते घट्ट धरतो. मी दोन्ही मुठी आवळल्या. आणि अंगठा कशावर होता? खटक्यावर! मूठ म्हणजे गॅस, एवढ्यापुरती मी बरोबर ठरले.

हँडल वळवलं, बांध ओलांडला, आणि आम्ही दोघी गाडीसकट खाचरात. गाडी चिखलात रुतून बंद पडली, आम्ही दोन बाजूंना दोघी. बदकं मात्र सगळी सुखरूप. बांधावर रांगेत उभी राहून आमच्याकडे बघत होती.

मी चाचपडत उठले. विहीणबाई चिखलात बसून होत्या, गळ्यापर्यंत माखलेल्या. म्हटलं, संपलं! पोरीची स्कूटी तर गेलीच, पण आता नातंही जातंय.

"लागलं का हो?" मी रडवेली होऊन विचारलं.

विहीणबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या आजूबाजूला बघत होत्या.

"ओ ताई," त्या कळवळून म्हणाल्या, "कुनाच्या लावनीत आलो आपन! केवढं रोप तुडवलं!"

आणि हेल्मेट काढून बाईंनी बाह्या वर सारल्या आणि चिखलात लोळलेली रोपं गोळा करून पुन्हा लावायला लागल्या!

"बघताय काय? वाका!"

मी वाकले. जन्मात कधी भात लावलेला नाही मी!

"अहो, मुळं खाली! मुळं खाली करा!"

शेतकरीबाबा काठी आपटत, तोंडानं पुटपुटत आले. शिव्याच असाव्यात. पण विहीणबाईंचा हात बघून थबकले. मग हसले, आणि शेजारून रोपांची एक जुडी आणून त्यांच्या हातात दिली. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण लावणी अशी चालली होती, जणू एकाच बांधावरचे शेजारी. मी लावलेली रोपं मात्र बाबा हळूच उपटून पुन्हा लावत होते.

आणि ऋतुजा? मादेनं जिथे मुठी वर केल्या होत्या, त्याच्या अलीकडे तिची गाडी उभी होती. सुरक्षित अंतर ठेवून. ती आणि मादे चिखलात उतरून आमची गाडी ओढत होते, आणि पोरगी हसू दाबून दाबून लाल झाली होती.

संध्याकाळी अंघोळी झाल्या, आणि मी खाली मान घालून बसले असताना विहीणबाई म्हणाल्या, "नाशकाला गेल्यावर ऋतुजा स्कूटीनंच जाईल ओझरला."

मी ताडकन मान वर केली. "म्हणजे माझं शिकवणं पटलं तुम्हाला?"

"तुमचं नाय ओ!" त्या म्हणाल्या. "सख्खी आई पुढं बोंबलत गेली, तरी पोरगी हात बघून जागच्या जागी थांबली. आईच्या मागं गेली नाय, ती ट्रकच्या मागं काय जानार?"

ऋतुजानं त्यांना मिठीच मारली. मला आनंद झाला, खरंच झाला. पण मी जिंकले की हरले ते आजतागायत कळलेलं नाही.

आता खरी गंमत ऐका. परत आल्यावर विहीणबाईंनी स्वतःच माझ्या क्लासात नाव घातलं! मैदानाच्या त्या टोकाला त्या, या टोकाला मी. गाडी नुसती कण्हत होती. मी सवयीनं मूठ वर केली.

विहीणबाईंनी कचकन दोन्ही ब्रेक दाबले, पाय टेकले, आणि किल्लीसुद्धा फिरवून बंद केली.

"अहो विहीणबाई, इथे मूठ म्हणजे गॅस!"

"नाय!" त्या तिकडून सगळ्या बॅचला ऐकू जाईल असं ओरडल्या. "मूठ म्हनजे थांबा! चिखलात बसून शिकलेय मी!"

तेव्हापासून माझ्या क्लासात मूठ म्हणजे थांबा. सगळ्या बायकांना ते एका दिवसात जमलं. एकटा माझाच अंगठा अजून ऐकत नाही. म्हणून नव्या बॅचला गाडी चालवून दाखवायला आता विहीणबाई पुढे असतात, आणि मास्तरीणबाई मागे बसतात, हेल्मेट घालून, दोन्ही हात जोडून.