डिझेल बुलेटची उलटी शर्यत

वडगाव रासाईत हौसरावांचं घर विचारलं, की लोक वाट दाखवण्याआधी हसतात. "थोडं थांबा," म्हणतात, "गाडीचा आवाज येईलच. त्या आवाजामागं जावा." गावात मोटारसायकली पुष्कळ आहेत, पण डिझेलवर चालणारी एकच. ती हौसरावांची बुलेट.

ही गाडी त्यांनी घेतली तेव्हा ते तरुण होते. नदीकाठी गुलछडीचा मळा होता आणि पाणी डिझेल इंजिनावर ओढायचे. घराच्या पडवीत डिझेलचं पिंप कायम भरलेलं असे. पेट्रोलसाठी मात्र लांब जावं लागे. अशात दौंडच्या बाजारात त्यांनी एका दूधवाल्याची डिझेल मोटारसायकल पाहिली. घरी येऊन ते विठाबाईंना म्हणाले, "अगं, इंजिन ज्या पिंपातनं पितंय, त्यातनंच गाडीबी पिणार. दुसरीकडं जायाचं कामच न्हाई."

"मग म्हशीबी त्याच पिंपावर बांधा," विठाबाई म्हणाल्या.

पण गाडी आली आणि विठाबाईच तिच्यावर पहिल्यांदा बसल्या. गाडी जड होती, चढाला कण्हायची, सपाटीलाही फारसा वेग घेत नसे. मोपेडवाल्या मुली तिच्या पुढे निघून जात. हौसरावांना त्याचं काही वाटत नसे. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात त्यांची फुलं कधी चुरगळलेली पोचली नाहीत, याचा त्यांना जास्त अभिमान होता.

गाडीचा एक मोठा दोष होता. एकदा बंद पडली की चालू करताना घाम काढायची. हँडलजवळचा छोटा खटका दाबायचा, किक योग्य जागी आणायची, मग सगळं वजन टाकायचं. चुकलं तर किक उलटी पायावर यायची. म्हणून हौसरावांनी मळ्यात वेगळीच पद्धत पाडली होती. सकाळी बांधावर आले की गाडी पहिल्या गिअरात टाकायची आणि थांबवायचीच नाही. क्लचला हात न लावता, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, ती बांधावरून सरकत राहायची. बायका फुलं तोडत सोबत चालायच्या आणि जुड्या मागच्या क्रेटमध्ये ठेवत जायच्या. बांध अरुंद, एका अंगाला पाण्याचा पाट. पाय टेकवायला जागा नाही. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

गेल्या हिवाळ्यात मात्र किक उलटी आली आणि नडगी सुजली. त्यांचा मुलगा सत्यजीत रांजणगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो शिफ्टवरून आला आणि बापाचा पाय पाहून चिडला.

"आबा, आता बास. पार्ट मिळत न्हाई, मिस्त्री हात लावत न्हाई. उद्या पाय मोडला तर?"

"पाय माझा हाय."

"दवाखान्यात मला न्यायचंय ना! मी दौंडच्या भंगारवाल्याशी बोललोय. यात्रा झाली की येतोय तो. तुमाला बॅटरीची गाडी घेऊ. नुसतं बटण दाबायचं."

हौसराव सुजलेली नडगी चोळत राहिले. पोराचं चुकत नव्हतं, हेच त्यांना जड जात होतं. पण पडवीतली गाडीची जागा मोकळी झालेली त्यांना डोळ्यांपुढं आणवेना.

दोन-तीन दिवसांनी गावच्या पारावर मांडवगणच्या यात्रा कमिटीचा पोपट नवीन कार्यक्रम सांगत होता. तिथल्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, यंदा मोटारसायकलींची उलटी शर्यत ठेवली होती. चढ चढायचा, पण जो सगळ्यात शेवटी वर पोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद, गाडी बंद पडली की बाद.

"हौसराव आबांना न्हेऊ नका," रविराज म्हणाला. हा ऊसवाल्यांचा पोरगा, नवी कोरी महागडी गाडी फिरवायचा. "ते पुढच्या यात्रेपर्यंत वर यायचे न्हाईत. मांडव कोण राखणार?"

सगळे हसले. हौसरावही हसले आणि म्हणाले, "माझं नाव घाल, पोपट."

सत्यजीत तिथंच होता. चारचौघांत तो म्हणाला, "आबा, मग ठरवूनच टाकू. जिंकलात तर गाडी ऱ्हाईल, मी परत शब्द काढणार न्हाई. हरलात तर भंगारवाला घेऊन जाईल, आन् तुमी आडवं यायचं न्हाई."

"व्हय," हौसराव म्हणाले. शब्द दिला गेला.

यात्रेच्या दिवशी विठाबाईंनी आणि सून स्नेहलने गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. माळ्याच्या घरची गाडी, ती उघडी कशी जाईल? हेडलाइटला माळ, हँडलला माळ आणि टाकीवर तर इतक्या की तिच्यावर लाल रंगात लिहिलेलं 'डिझेल' पार झाकून गेलं. घाटाखाली गाडी लावून, सवयीप्रमाणे टाकीतून इंजिनाकडे तेल सोडणारा कॉक बंद करून हौसराव नारळ फोडायला देवळात गेले.

यात्रेत पाहुण्याला मान द्यायची रीत असते. कमिटीने यंदा तो मान असा ठरवला होता, की शर्यतीतल्या प्रत्येक गाडीत कमिटीकडून पेट्रोल घालायचं. पोपट कॅन घेऊन रांगेने निघाला होता. वडीलधाऱ्या गड्याच्या गाडीपाशी आल्यावर त्याने हात सैल सोडला आणि मोठ्या प्रेमाने टाकीत भरपूर ओतलं.

हौसराव आले, देवाला हात जोडले, कॉक उघडायला वाकले. तेवढ्यात सत्यजीत गर्दीतून धावत आला.

"आबा, हात लावू नका! पोपटकाकानं पेट्रोल घातलंय!"

पोपटचा चेहरा पडला. "मानाचं घातलं रं... मोटारसायकलीत दुसरं काय घालत्यात?"

हौसराव पोराकडे बघत राहिले. हा गप्प राहिला असता तर गाडी चार पावलं जाऊन खोकली असती, शर्यत गेली असती आणि भंगारवाला आला असता. पोराला हवं तेच घडलं असतं.

"तू का सांगितलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"अशी हरवायची न्हाई मला ती," सत्यजीत म्हणाला. "कॉक बंद हाय ना? मग आत गेलं नसंल. सरका."

त्याने बाह्या दुमडल्या आणि टाकी रिकामी केली. आता डिझेल कुठलं? सगळ्यात जवळ ट्रॅक्टर होता तो रविराजचा. रविराजने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काढा आबा. हरल्यावर कारण नको सांगाया." सत्यजीतने ट्रॅक्टरमधलं डिझेल काढून टाकी खंगाळली, पुन्हा भरली, मग पान्ह्याने नट सैल करून पायपातली हवा काढली. हौसराव नुसते बघत होते. पोराने या गाडीला आपणहून हात लावलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"मारा किक. मी धरलीय गाडी."

खटका दाबला, किक जागेवर आली, वजन पडलं. धड. धड. धड धड धड. घाटाखाली टाळ्या झाल्या.

शिट्टी वाजली. पेट्रोलच्या गाड्यांची पंचाईत लगेच दिसली. चढावर हळू जायचं तर त्यांना क्लच अर्धा धरून इंजिन ओरडवावं लागत होतं. एकाने क्लच सोडला, गाडी उडी मारून पुढे गेली. दुसऱ्याची बंद पडली. क्लच जळाल्याचा वास सुटला. हौसरावांनी मात्र पहिला गिअर टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि हाताची बोटं मोकळी केली. समोर चढ होता, पण त्यांच्या मनात बांध होता. उजवीकडे पाट, मागे जुड्या ठेवणाऱ्या बायका. गाडी एक ठोका द्यायची आणि तेवढंच सरकायची.

शेवटी दोघंच उरले. वीतभर पुढे असलेला रविराज घामाघूम होऊन म्हणाला, "आबा, जावा की जरा पुढं!"

"मला कुठं घाई हाय?"

रविराजला हसू आलं, हँडल हललं आणि त्याचा पाय टेकला.

नियमाने शर्यत तिथंच संपली होती. पण हौसराव थांबले नाहीत. ते त्याच चालीने पूर्ण घाट चढले आणि अख्खी यात्रा त्यांच्या बाजूने चालत वर गेली. लाउडस्पीकरवरचा माणूस नाव पुकारून पुकारून दमला, तरी गाडी अजून वाटेतच होती. वर फेटा घेऊन उभा असलेला पोपट ओरडला, "हौसराव, आता तरी पळवा! हात दुखला माझा!"

फेटा बांधून झाल्यावर सत्यजीत पुढे आला.  त्याने खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर दौंडला फोन लावला. "भय्या, आना मत. गाडी नहीं देनी है." मग बापाकडे वळून म्हणाला, "पण किक आजपासून मी मारणार. रोज सकाळी, शिफ्टला जायच्या आधी."

"आन् नाइटला असलास तर?"

"तर मी यीस्तवर थांबायचं."

"थांबंन की," हौसराव म्हणाले.

विठाबाई मागे बसल्या. गाडी घाट उतरून वडगावच्या रस्त्याला लागली. रस्ता अरुंद, मागे गावातल्या पोरांच्या गाड्यांची रांगच रांग. त्या रांगेत रविराज सगळ्यांत पुढे होता, आणि त्याची नवी गाडी पहिल्या गिअरात मागे-मागे येत होती. त्या दिवशी कुणी हॉर्न दिला नाही आणि कुणी पुढेही काढली नाही.

"अवो, जरा हळू," विठाबाई म्हणाल्या, "लोकांना बघू द्या की."

आणि हौसरावांनी खरंच ॲक्सिलरेटर आणखी थोडा सोडला.