कौलांवरचे नंबर

ओल्या चुन्याचा वास आला की सिंगापुरातल्या एका जुन्या बंगल्याच्या फाटकावरची कमानीची चौकी आठवते. एका सकाळी तिची कौलं खाली उतरवलेली दिसली, प्रत्येकावर खडूने नंबर. पाडणार, दुसरं काय? मी तडक ‘चौकी वाचवा’ची पत्रकं छापली आणि दुपारी फाटकाशी वाटायला उभी राहिले. म्हाताऱ्या चिनी गवंड्याने एक वाचलं. “पाडायचं असतं तर नंबर कशाला टाकले असते, गर्ल? वासे बदलतोय. मग जिथलं कौल तिथेच.” इतकं हायसं वाटलं, की लाजायचंही राहून गेलं. उरलेली पत्रकं त्याने मागून घेतली आणि कौलांना ओरखडे पडू नयेत म्हणून मधेमधे घातली. आजही तिथून जाताना वर बघते. सगळी कौलं जागेवर आहेत. माझ्या कुठल्याच पत्रकाने पुढे इतकं काम केलं नाही.