किंग कोब्रा इथे राहत नाही

सापवाल्यांच्या किश्शांचं असं आहे, एक बाहेर काढला की त्याची शेपटी धरून दुसरा येतोच. आम्ही डोंबिवलीतले चार-पाच सर्पमित्र चहाला जमलो की विषय हाच. फोनवर लोक एकच वाक्य बोलतात, "लवकर या, किंग कोब्रा आहे!" खरा किंग कोब्रा पार तळकोकणाच्या जंगलात. आमच्याकडे नाग, घोणस, धामण. पण ऐकतो कोण?

*

विठ्ठलवाडीला एका काकांच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. विलास, आमच्यातला सगळ्यात जुना गडी, तिला पिशवीत घालून म्हणाला, "काका, बिनविषारी आहे."

काकांचा चेहरा पडला. "अहो, सोसायटीच्या ग्रुपवर किंग कोब्रा टाकलाय मी. जरा हळू बोला ना."

*

हाच विलास मेहुण्याच्या गावी दोडामार्गाकडे गेलेला, तिथे त्याला खरा किंग कोब्रा दिसला. परत आल्यावर आम्ही त्याला घेरलं. एरवी बडबड्या माणूस. या वेळी एवढंच म्हणाला, "नाग गिळत होता तो. निवांत. आपण ज्याला घाबरतो ना रे, ते त्याचं जेवण आहे."

आपल्याला साप कळतात, हा माझा समज त्या दिवशी जरा हलला.

*

मग वर्तकनगरला विलासच्या अंगठ्याला नाग चावला. नाग पिशवीत जाणार, तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दादा, फणा काढून एक फोटो." आणि दादा थांबले. आमच्यातले बरेच असेच चावून घेतात.

विलास वाचला. वहिनींनी साप बंद असा शब्द घेतला आणि फोनही स्वतःकडे ठेवला. कॉल आला की, "ते गावी गेलेत," म्हणून आमचा नंबर द्यायच्या. विलास चहाला यायचा, पण नुसता बसून राहायचा. मला बघवायचं नाही.

*

परवा दुपारी आम्ही सगळे वहिनींनीच वळवलेल्या कॉलवर बदलापूरला होतो. विलास घरी जेवत होता. पुढचं त्यानेच सांगितलं.

फोन वाजला. मागच्या गल्लीतली बाई रडत होती, स्वयंपाकघरात साप आहे, घरात बाळ आहे म्हणून. वहिनी म्हणाल्या, "ते गावी..." आणि थांबल्या. मग विचारलं, "फणा काढलाय? बाळ कुठल्या खोलीत आहे? काठ्या खाली ठेवायला सांगा सगळ्यांना. लांबून नजर ठेवा फक्त."

फोन ठेवून त्यांनी विलासच्या पुढचं ताट उचललं. "उठा. नाग आहे."

"अगं, पण मी शब्द दिलाय ना तुला?"

वहिनी पायात चप्पल सरकवत होत्या. "गाडी मी चालवते. तुमचा अंगठा अजून वाकत नाही."