जमिनीवरून दिसणारे किरण

आदिलाबादच्या कॉलेजात फिजिक्सच्या सरांनी मला भर वर्गात उभं केलं होतं. चूक एवढीच की अंतराळातून येणारे गॅमा किरण जमिनीवरच्या दुर्बिणींनीही टिपतात, असं मी म्हणाले. लायब्ररीतल्या मासिकात वाचलं होतं.

"वातावरण अडवतेच त्यायले! ते खाली येतच नाही, अन् ही बाई जमिनीवरून पाहून राह्यली!" सर हसले. "बोथच्या बाजारात वांगे तोल जा, मायसंगं."

वर्ग खिदळला. माझी माय खरंच बोथला वांगी विकायची.

अर्धं त्यांचं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. उरलेलं अर्धं शिकायला मी नागपूरला गेले, पुढे लडाखला अशाच दुर्बिणीवर नोकरीला लागले. थंडीनं बोटं बधिर झाली की मी ते हसू आठवायची. ऊब यायची.

गेल्या वर्षी त्याच कॉलेजानं व्याख्यानाला बोलावलं. सर आता प्राचार्य. माझी ओळख करून देताना म्हणाले, "गॅमा किरण हिला मीच शिकवले."

लिहून आणलेलं भाषण मी बाजूला ठेवलं. आधी तो वर्ग सांगितला, वांग्यांसकट. मग समजावलं : गॅमा किरण वर हवेवर आदळतो, तिथे कणांचा सडा उडतो. ते कण हवेतल्या प्रकाशापेक्षाही वेगानं धावतात, म्हणून निळसर उजेड चमकतो, डोळ्याला कळणारही नाही इतका क्षणभर. तो उजेड जमिनीवरचे मोठे आरसे गोळा करतात. त्याच्या आकारावरून किरण कुठून आला ते कळतं.

मग माइक सरांपुढे धरला. "सर, आता सांगा. जमिनीवरून कळतात का?"

"कळतात," ते पुटपुटले.

"मागं ऐकू नाही आलं, सर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. कानशिलं लाल झाली होती. पोरं बाकं वाजवत होती.

माय शेवटच्या रांगेत होती. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "एकदा बोलले होते न थे. दुसऱ्यांदा काऊन बोलाले लावलं व?"

"मले आयकाचं होतं," मी म्हणाले.

नेरडीगोंड्याचा थांबा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. मला मात्र सपाटून भूक लागली होती. उतरल्या उतरल्या मी गरम भजी घेतली आणि एकटीनंच संपवली.