लीलामावशीच्या अकरा जणी

लीलामावशी मॅच बघताना बॉलकडे कधीच बघत नसे. बॉल उजव्या कोपऱ्यात असला की तिची नजर डाव्या कोपऱ्यात. गोल झाला, पोरी ओरडल्या, की ती शेजारच्याला विचारी, "कोणी मारला?" आम्हाला हसू आवरत नसे. मुलींच्या फुटबॉल टीमबरोबर गावोगावच्या ग्राउंडवर फिरणारी बाई, आणि गोल कोणी मारला ते हिला ठाऊक नाही! एकदा मी न राहवून विचारलंच. ती म्हणाली, "बॉलकडं अख्खं ग्राउंड बघतंय गं. जिच्याकडं बॉल नाय, तिच्याकडं कोणी बघायचं?"

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात ती जिमखान्याची शिपाई होती. दोन हजार सालानंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील ती. मुली फुटबॉल खेळतात हे लोकांना पटत नसे. आम्ही जर्सी घालून रिक्षात बसलो की रिक्षावाला विचारी, "मॅडम, खो-खो का?" जर्सी मुलांच्या उतरलेल्या, बूटही त्यांचेच. ते धुणं, शिवणं, वाटणं आणि मोजून परत घेणं, सगळं मावशीकडे. एवढं करून ती टेंपररीच. तिच्यानंतर लागलेले दोन शिपाई पर्मनंट झाले, त्यांच्या अर्जांचं पुढे काय होतं आणि हिच्या अर्जाचं काय होतं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पोरींना ती नावाने हाक मारत नसे. गावाने मारी. मी 'बदलापूर'. सुनीता 'अंबरनाथ'. समोरच्या कॉलेजची सिंधी गोलकीपर 'तीन नंबर', कारण ती उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात राहायची. पूर्ण नाव मावशीच्या हातून एकाच ठिकाणी लिहिलं जाई. किटच्या लोखंडी कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने.

त्या दारावर तिची टीम होती. झोनमधल्या सगळ्या कॉलेजांच्या पोरींमधून तिने निवडलेल्या अकरा जणी. युनिव्हर्सिटीचं सिलेक्शन करणारे सर लोक वेगळे, ही वेगळी. जर्सीवर नंबर टाकायच्या काळ्या मार्करने ती नाव लिही, आणि वर म्हणे, "या खोलीत पर्मनंट एवढा हा मार्करच." तिच्या टीममध्ये ती 'तीन नंबर' गोलकीपर होती. आम्ही तिच्यावर सहा गोल मारले होते. मी म्हटलं, "मावशी, सहा गोल खाल्लेली गोलकीपर घेतलीत?"

"सहा खाऊन सातव्याला उडी मारली ना तिनं? तुम्ही दोन खाल्ले की तोंडं पाडता."

डाव्या बाजूच्या जागेवर मात्र एक नाव नव्हतं, दोन होती. सुनीताचं आणि माझं. त्याचं कारण बूट. चार नंबरच्या बुटांची कपाटात एकच जोडी होती आणि चार नंबरचे पाय आम्हा दोघींचे. त्यामुळे पहिला हाफ मी खेळायची, दुसरा हाफ ती. मध्यंतरात मी लाइनवर बसून बूट काढायची, मावशी आतून फडकं फिरवायची आणि सुनीता पाय घालायची. "गरम आहेत गं मने," ती दरवेळी म्हणायची आणि आम्ही दरवेळी हसायचो. मावशीने ते बघूनच आमची नावं एका जागेवर लिहिली असावीत. "खेळाडू कशी आहे ते बूट परत कसे करते त्यावरून कळतं," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

सुनीता माझ्याहून चांगली खेळायची. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर 'दोघी सारख्याच' म्हणाले असते.

युनिव्हर्सिटीतल्या आमच्या झोनच्या टीमची निवड चाचणी दोन गटांत होती. मी सकाळच्या गटात, सुनीता नंतरच्या. ठरलं होतं ते नेहमीचंच, माझं झालं की बूट तिला. माझा गट संपला आणि निवड समितीतल्या एका सरांनी आम्हा चौघींना थांबवलं. "तुम्ही आणखी वीस मिनिटं खेळा." त्याच वेळी पलीकडच्या अर्ध्या ग्राउंडवर सुनीताच्या गटाला बोलावलं. ती नुसत्या मोज्यांवर लाइनजवळ आली.

"मने, बूट."

"पाच मिनिटं थांब."

"माझं नाव पुकारलंय गं."

"पाच मिनिटं म्हटलं ना!"

मी वीस मिनिटं खेळले. एकदाही त्या बाजूला बघितलं नाही. अनवाणी खेळू देणार नाही म्हणाले, तेव्हा सुनीताने कोणाचे तरी सात नंबरचे बूट मागून घेतले आणि पुढे पेपर कोंबला. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. बॉल माझ्या पायात होता. मी तो चांगला पास केला, तो पास बघूनच मला घेतलं असं पुढे सरांनी सांगितलं. मावशी लाइनवर फडकं हातात घेऊन उभी होती. ती कोणाकडे बघत होती हे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी किट-रूममध्ये पेढे घेऊन गेले. कपाट उघडं होतं. डाव्या बाजूच्या जागेवर माझ्या नावावर एक सरळ काळी रेघ होती.

माझं डोकं फिरलं. "युनिव्हर्सिटीने मला घेतलं आणि तुम्ही काढून टाकता?"

"त्यांनी घेतलं ना? मग झालं की. माझ्या दाराचं काय एवढं?"

"तुमच्या दाराला विचारतो कोण? शिपाईच तुम्ही! त्याही टेंपररी!"

हे मी बोलले. एकोणीस वर्षांची होते, हे त्याला कारण होत नाही. मावशी जर्सीच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "बूट धुऊन आण, बदलापूर. सुनीताला दे."

मी दिले नाहीत. आधी झोनच्या कॅम्पला लागतात म्हणून ठेवले, मग परीक्षा आल्या, मग कॉलेज संपलं. खरं कारण सांगायचं तर सुनीतासमोर जायची हिंमत नव्हती. त्या निवडीच्या सर्टिफिकेटवर मला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी ऑफिसात नोकरी लागली. माझ्या वडिलांनी बदलापुरात सगळ्या भावकीला जेवण घातलं. सुनीताने दुसऱ्या वर्षानंतर कॉलेज सोडलं आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला लागली.

पुढे कॉलेजने जिमखाना नवा बांधला. साफसफाई आणि शिपाईकाम एका एजन्सीला दिलं, तिने मावशीला घेतलं नाही. जुनी कपाटं भंगारात निघाली तेव्हा ही बाई तिथे जाऊन उभी राहिली आणि भंगारवाल्याकडून ते एक दार मागून घेतलं म्हणे. हे मला ती गेल्यावर कळलं. जिवंतपणी मी तिला एकदाही भेटले नाही. ती अंबरनाथला राहायची, माझ्या घरापासून एक स्टेशन.

पुण्यानुमोदनाला मी गेले. पिशवीत बूट होते, चामडं वाळून खडखडीत झालेलं. अंबरनाथच्या त्या वस्तीत मावशीची एक खोली. फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली, चहा झाला. हात धुवायला मोरीकडे गेले आणि थांबले. मोरीला आडोसा म्हणून ते कपाटाचं दार उभं केलेलं. नावं आतल्या बाजूला. आठ-नऊ वर्षं त्या दारावर अंघोळीचं पाणी उडत होतं आणि अकराच्या अकरा जणी जागेवर होत्या. माझ्यावरची रेघसुद्धा.

अकरापैकी आली होती एकच. सुनीता कंपनीच्या निळ्या ड्रेसमध्ये दाराबाहेर पायरीवर बसली होती, दुपारच्या शिफ्टला जायच्या तयारीत. मी तिच्याजवळ बसले आणि पिशवी पुढे केली. तिने आत बघितलं.

"मावशी म्हणायची, आणून देईल ती," सुनीता म्हणाली. "मी म्हणायचे, कशाला देतेय! मावशी म्हणायची, देईल, उशिरा देईल."

मी रडायला लागले. ती रडली नाही. तिने चप्पल काढली आणि उजवा बूट घेऊन त्यात पाय घातला. पाय अर्ध्यावर अडकला. तिने टाच दाबून बघितली, मग बूट काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"नाय जात गं. आठ तास उभ्याची ड्युटी, पाय पसरले माझे. आता सहा नंबर लागतो." तिने चप्पल घातली, घड्याळ बघितलं. "चल, रिक्षा भरेल माझी. तू ने ते परत. तुला होतील."

मला होतात. घरी येऊन मी घालून बघितले. माझे पाय अजून चार नंबरचेच आहेत. ऑफिसात मला खुर्ची आहे.