कागदाच्या कडेचा बांध

कॉम्प्युटरवर वावरं कापायचं काम मला झकास जमायचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मंचरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्रोग्राम लिहायचे, आणि ओतूरजवळच्या आमच्याच गावच्या पाणीवापर संस्थेनं दुकानाला गावाचा नकाशा करायला सांगितला. प्रिंटरचा कागद लहान, म्हणून नकाशा तुकड्यातुकड्यानं छापून चिकटवायचा. दोन कागदांवर पसरलेलं वावर कडेला कापावं लागे. शंकरपाळ्यांच्या पोळीच्या चारी कडा छाटतो तसंच: एकेका कडेनं बाहेरचं टाकायचं, आतलं ठेवायचं. माझा प्रोग्राम हे चुटकीसरशी करायचा, आणि मला त्याचा तोराही होता.

नकाशा संस्थेच्या भिंतीवर लागला आणि घरून फोन आला. काकांनी शेजारच्या मावशींची विहिरीची वाट बाभळीच्या काट्या टाकून बंद केली होती. काकांचं वावर त्या विहिरीला तीन बाजूंनी वेढून. चौथ्या बाजूनं, वावराच्या दोन पट्ट्यांमधून, मावशींची वाट. मोटार चालू करायला दुसरीकडून जाताच येत नव्हतं. कांद्याची लागण नुकतीच झालेली, रोपांनी माना टाकलेल्या.

पहिल्या एसटीनं गेले. काका ओट्यावर तंबाखू मळत होते.

"नकाशात बांध हाय तिथं," ते म्हणाले. "तूच काढलाय ना? मंग कांप्युटर खोटं बोलतो व्हय?"

माझं डोकंच सणकलं. संस्थेत जाऊन पाहिलं, तर खरंच वाटेवर आडवी रेघ! पण बघताक्षणी उमगलं. कागदाची कड नेमकी त्या दोन पट्ट्यांवरून गेली होती. कापल्यावर पट्ट्या सुट्या झाल्या, पण प्रोग्रामच्या लेखी वावर एकच, म्हणून त्यानं कडेकडेनं रेघ ओढून त्या जोडल्या. मधे खाच असलेलं वावर कापलं की ही पद्धत हेच करते. काकांना सगळं समजावलं. काका ढिम्म!

"तू मावशीच्या बाजूची," म्हणाले.

थांबा म्हटलं, दाखवतेच. मंचरला परतले. दुरुस्ती मला येत होती, पण आधी काका. कागदाची चौकट थोडी खाली सरकवून तोच भाग छापला, मग आणखी सरकवून पुन्हा. दिवस मावळायच्या आत सगळे कागद काकांच्या पुढ्यात टाकले. एकात बांध वाटेच्या तोंडाशी, एकात मध्यावर, एकात पार विहिरीला टेकलेला.

"काका, बांध असा फिरतो का कुठं? यातल्या कुठल्या जागी काट्या टाकायच्या ते सांगा!"

काका कागद उलटसुलट करत राहिले. मग उठले, वाटेवर गेले आणि काट्या ओढायला लागले. मावशी तिथंच उभ्या होत्या. निम्मी वाट मोकळी झाली तशा त्या घुसल्याच, लुगडं काट्यात टर्रकन फाटलं तरी थांबल्या नाहीत. मोटार सुरू झाली. मला रडूच फुटलं.

कांद्याला पाणी लागल्यावर मावशींनी तिकडूनच हाक मारली, "भाऊ, तुमच्या वाफ्यातबी सोडू का जरा?"

काका फावडं घेऊन वाफ्याचं तोंड उघडायला गेले.