तपासणी चालू, धवलारीण फोटोबाहेर

अन्याय दोघींवर झाला. एक माझी थोरली बहीण. दुसरी आमच्या शिरवणे गावातली धवलारीण, जिने तिचं लग्न लावलं. कधी झाला तेही सांगते, कारण 'कधीतरी, कुणाकडून तरी' असली वाक्यं मला पत्रकातसुद्धा चालत नाहीत. नवरात्रातल्या तिसऱ्या माळेला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, वाशीतल्या एका व्हिसा कन्सल्टंटच्या केबिनमध्ये. वेळ पक्की लक्षात आहे, कारण समोरच्या स्क्रीनकडे बघवेना म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. अन्याय करणाऱ्यांत मीही होते. ताईला आणि बाबांना त्या केबिनमध्ये नेलं ते मीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्हा आगऱ्यांत लग्न लावायचं काम पूर्वापार बाईचं. ती धवलारीण. तांदळाचा चौक मांडायचा, देवांना मांडवात बोलवायचं, हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायची, हे सगळं तिच्याकडे. आता बहुतेक घरांत भटजीही येतो, आणि त्याच्या माइकपुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. ताईच्या लग्नात मी हट्ट धरला की भटजी नको. ताई चिडली. "तुझ्या चळवळीसाठी माझं लग्न वापरू नको हां." मग दोन दिवसांनी आपणहूनच म्हणाली, "पण आत्येचा आवाज मला पायजे." आत्ये म्हणजे ती धवलारीणच. गावात लहानथोर सगळे तिला आत्येच म्हणतात.

लग्नाच्या नोंदणीला गेलो तर फॉर्मवर एक रकाना होता : विवाह लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही. क्लार्कने मान वर न करता विचारलं, "पुरोहित कुठे आहेत?"

"ही काय, तुझ्यासमोर बसलीय," आत्ये म्हणाली.

त्याने आमच्याकडे बघितलं, आम्ही त्याच्याकडे. शेवटी त्याने फॉर्म तिच्याकडे सरकवला. आत्येने सही केली, एकेक अक्षर सुटं, रकान्याच्या बाहेर जाणारं. त्या दिवशी मला एवढा अभिमान वाटला की मी घरी येऊन त्यावर पानभर मजकूर लिहिला. गावठाणातली घरं नियमित करा म्हणून भांडणाऱ्या आमच्या समितीची पत्रकं मीच लिहिते. सरकारी भाषा फोडून सांगणं हे माझं काम. 'विचाराधीन', 'योग्य ती कार्यवाही', 'यथावकाश', यातल्या प्रत्येक शब्दामागे कुठली कुंभकर्णी खुर्ची झोपलीय हे मला लगेच कळतं, असा माझा समज होता. हा समज पुढे आम्हाला नडला.

ताईचा नवरा शेजारच्या पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर शिकलेला. तिथून परदेशात नोकरीला लागला. लग्नाला आला आणि बाराव्या दिवशी परत गेला. ताईचा नवऱ्याकडे जायच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला. देशाचं नाव सांगत नाही. ज्यांनी ज्यांनी असा अर्ज केलाय त्यांना आपलाच देश वाटेल.

त्या वेबसाइटवर अर्जदाराचं एक पान असतं. चार ओळी. अर्ज, नात्याचे पुरावे, वैद्यकीय, पार्श्वभूमी. प्रत्येकीपुढे 'पूर्ण' किंवा 'तपासणी चालू'. वर एक तारीख, शेवटचा बदल कधी झाला त्याची. बस. माणसाच्या संसाराबद्दल त्या सरकारला एवढंच बोलायचं असतं.

ताई एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दुसऱ्यांच्या रक्ताचे रिपोर्ट ती आकडा बघून सांगते, घाबरू नका म्हणते. पण हे पान ती दिवसातून तीनदा उघडायची. सकाळी चहाच्या आधी एकदा, लॅबमध्ये सॅम्पल मशीनला लावल्यावर एकदा, घरी येताना रिक्षात एकदा. कधीकधी नुसती तारीख बदललेली असायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं. ताई ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होती तिथे याला 'भूत' म्हणायचे. कुणीतरी येऊन तुमची फाइल हाताळून गेलं, पण काय केलं ते सांगितलं नाही.

त्या ग्रुपची मला शिसारी यायची. सगळ्या नवऱ्याकडे जाण्यासाठी थांबलेल्या बायका. डॉक्टर, इंजिनियर, शिक्षिका. आणि बोलणं काय? "मंगळवारी भूत आलं की पंधरा दिवसांत हलतं." "माझी शेवटची ओळ फिकी निळी दिसतेय, तुमची गडद आहे का?" "ज्यांचं मेडिकल आधी पूर्ण झालं त्यांना उशीर होतो, बघा लिस्ट काढून." कोपरखैरण्याची एक तर सगळ्यांच्या तारखा मांडून भाकीत करायची आणि बाकीच्या तिला 'गुरुमाऊली' म्हणायच्या. मटक्याचा आकडा लावणारा निदान लपून लावतो. या तर आकडा लावून वर हात जोडलेले इमोजी टाकत होत्या.

"तू बाहेर पड त्यातून," मी ताईला म्हणायचे.

"आणि कुणाशी बोलू? तुझ्याशी? तू लगेच मोर्चा काढशील."

गावात वेगळंच. ताई माहेरीच राहत होती. चौदा महिने झाले तसं पाणी भरताना, दुकानात, मांडवात एकच प्रश्न. "काय गो, अजून बोलवलं नाय का त्यानं?" कुणी प्रेमाने विचारायचं, कुणी जिभल्या चाटत. एकीने तर आईला कडेला घेऊन सांगितलं, "पोरगा तिकडं कुनाबरोबर राहात नाय ना, जरा बघा." आई घरी येऊन अर्धा तास नुसती भांडी घासत होती. ताईने हळदींना जाणं बंद केलं. जी ताई आत्येच्या मागे बसून धवले म्हणायची, ती मांडवाचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायची.

मग एका सकाळी दुसरी ओळ बदलली. 'नात्याचे पुरावे : पूर्ण' होतं, ते 'तपासणी चालू' झालं. उलटं गेलं. ताईने फोन माझ्यापुढे धरला. "तू वाच. तुला कळतं ना त्यांची भाषा."

मी वाचलं. मला जे येतं तेच केलं, त्या दोन शब्दांतून आख्खा कट उभा केला. "पूर्ण झालेलं परत उघडलं म्हणजे कुणीतरी शंका काढलीय," मी ठामपणे सांगितलं. "त्यांना तुमचं लग्न खरं वाटत नाहीये. पुरावा कमी पडतोय." ताईचा चेहरा उतरला. बाबांनी लगेच चप्पल घातली. आणि मी, जी गावाला सांगते की दलालाकडे जाऊ नका, तिनेच वाशीच्या कन्सल्टंटची वेळ घेतली.

केबिनमध्ये गुलाबाचा फवारा मारलेला, डोकं उठवणारा. टेबलावर प्लास्टिकचे छोटे झेंडे. तो गृहस्थ आमचा अल्बम स्क्रीनवर सरकवत गेला.

"पंडित कुठेय?"

"आमच्यात धवलारीण लग्न लावते," मी म्हणाले.

"मॅडम, तिकडचा ऑफिसर काय बघतो? अग्नी दिसला पायजे, पंडित दिसला पायजे. ही कडेची म्हातारी बघून तो काय समजणार? बोलेल, घरात गाण्याचा प्रोग्रॅम होता." आणि त्याने माऊस ओढला. आत्ये चौकटीबाहेर गेली. पुढच्या फोटोत परत ओढला. परत गेली. एका फोटोत पाठमोऱ्या आत्येचा हात ताईच्या कपाळावर होता, तर ती कापूनही मनगट उरलं. "हे पण नको," म्हणाला, आणि फोटोच काढून टाकला. "आता बघा, किती क्लीन. सर, मी एक एक्स्प्लनेशन लेटर टाकतो. आमचं फॉरमॅट तयार असतं. हिंदू पद्धतीने, पुरोहितांच्या हस्ते, वगैरे."

बाबा म्हणाले, "साहेब, तुमाला बरोबर वाटंल तसं करा." ताई माझ्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे. अकरा चाळीस.

मी गप्प का बसले? भीती होती, हे खरं. पण त्याहून घाण गोष्ट खरी आहे. त्या माणसाने 'म्हातारी' म्हटलं तेव्हा क्षणभर माझ्याही डोळ्यांपुढे ती तशीच उभी राहिली : नऊवारी वर खोचलेली, तोंडात दात कमी, त्या परक्या ऑफिसरच्या नजरेने. ज्या बाईवर मी पानभर अभिमान लिहिला होता तिची मला लाज वाटली. त्या क्षणाची किळस अजून गेली नाही.

जुन्यांच्या जागी हे कापलेले फोटो आणि ते पत्र चढवलं. चार ओळी पुन्हा तशाच पडून राहिल्या. दिवाळी गेली. मग एका सकाळी पानावर वर लाल ठिपका : तुमच्यासाठी संदेश आहे. ताईने आधी ग्रुपवर विचारलं. गुरुमाऊलीने निकाल दिला, "ठिपका म्हणजे व्हिसाचा शिक्का मारायला पासपोर्ट मागतात. काँग्रॅच्युलेशन्स डिअर!" शंभर फुगे, शंभर नाचणाऱ्या बाहुल्या. आईने तेवढ्यात आगरी मसाल्याची बरणी खाली काढून पिशव्या भरायला घेतल्या, एकात एक तीन, वास सुटू नये म्हणून. बाबा शेजारी सांगूनही आले.

मग ताईने संदेश उघडला. पाच वाक्यं. तुमच्या विवाह नोंदणीच्या फॉर्मवर विवाह लावणारी व्यक्ती म्हणून एका स्त्रीची सही आहे. तुमच्या पत्रात पुरुष पुरोहित म्हटलं आहे. फोटोंत दोघांपैकी कुणीच दिसत नाही. तीस दिवसांत खुलासा करा. न केल्यास हाती असलेल्या माहितीवर निर्णय घेतला जाईल.

आईच्या हातातली पिशवी अर्धी भरलेली तशीच राहिली.

मी त्या वेबसाइटचं पान पहिल्यांदा तळापर्यंत खाली नेलं. तिथे बारीक अक्षरात मदत म्हणून लिहिलेलं होतं : फाइल एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेल्यास 'पूर्ण' झालेली ओळ पुन्हा 'तपासणी चालू' दिसू शकते, अर्जदाराने काही करण्याची गरज नाही. काही करण्याची गरज नाही! माझ्या प्रत्येक पत्रकात मी ओरडून सांगते, सही करण्याआधी तळाची बारीक अक्षरं वाचा. मी मात्र नुसत्या दोन शब्दांवर एक खोटं उभं केलं. कन्सल्टंटला फोन केला तर म्हणाला, "माहिती तुम्ही दिली होती ना मॅडम." त्या सरकारने तरी एवढी मोघम चार शब्दांची भाषा ठेवून माणसांना असं का नाचवावं, हा माझा राग आहेच. पण तो ठेवून देते. आधी माझी चूक निस्तरायची आहे.

आत्येकडे गेले. ती ओट्यावर सुका जवळा निवडत होती. मी सगळं सांगितलं, माऊससकट. तिने मान वर केली नाही.

"मना कापलंत?"

"हो."

"लगीन कोनी लावलं?"

"तुम्ही, आत्ये."

"मंग त्या सायबाला तसं सांगायचं. येवढं सोपं हाय ते." तिने जवळ्यातला एक खडा उचलून फेकला. "तू येवढी शिकलीस, भाषनं करतेस. आनि तिथं तोंड शिवलं व्हतं काय गो तुजं?"

तिने हात झटकले, पदराला पुसले. "कुठं सही करायची ती चल दाखव. पोरीला जाऊ दे तिच्या घरी."

ती आली. नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र झालं, तीच सुटी अक्षरं. पण ऑफिसरने फोटोंबद्दल विचारलंय, आणि आमच्याकडे तिचा चेहरा नीट दिसेल असा एकही नाही. अल्बमवाल्या फोटोग्राफरने त्या दिवशी तिला "आजी, फ्रेममधून बाजूला व्हा" म्हणत पाच वेळा उठवलं होतं. अल्बममध्ये आहेत ते अर्धे खांदे आणि पाठ. कपाळावर हात असलेला तो पाठमोरा फोटो एकटा काय सांगणार?

तीस दिवसांतले अकरा गेले आहेत. म्हणून हे लिहिलं. हा मजकूर आधी शिरवण्यात वाचला जाणार, हे मला माहीत आहे.

तुम्ही त्या लग्नाला आला होतात. आत्येने धवल्यांतून नवऱ्याकडच्यांची खिल्ली उडवली तेव्हा तुम्ही हसलात, आणि मोबाइल वर धरलेत. मी बघितलंय. तो व्हिडिओ तुमच्याकडे आहे. लग्नाचं जेवण जेवलात, वर इतके महिने माझ्या बहिणीला विचारलंत, बोलवलं का, बोलवलं का. आता तोंड बंद ठेवा आणि फोन उघडा. फॉरवर्ड करू नका, त्यात मूळ तारीख गळून जाते. खाली गाणं लावलेला नको, फुलं चिकटवलेला नको. फोन घेऊन आमच्या ओट्यावर या, ताई वायर लावून मूळ फाइल उतरवून घेईल. आत्येचा चेहरा आणि ताईचा चेहरा एकत्र दिसला पाहिजे. आज या. उद्या नको.